तराजूची दांडी

अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ तथागतांकडे येतो. आम्ही मुलाबाळांत, प्रपंचात गुंतलेली माणसे; आमच्या हिताचे काही सांगा, म्हणतो. तथागत त्याला चार गोष्टी सांगतात : कामातली दक्षता, कष्टाच्या कमाईची राखण, चांगल्यांची संगत आणि समजीविता. तराजू धरणाऱ्याप्रमाणे जमा-खर्चावर नजर ठेवून जगायचे. उधळपट्टी नको, तशी कंजुषीही नको.

आम्ही विहारात वंदना घेतो, पण हिशेबाची वही किती घरांत आहे? पगाराला आठ दिवस राहिले की सावकार आठवतो. शेकडा पाच रुपये महिना व्याजाने १०,००० रुपये उचलले, तर महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० नुसते व्याज. मुद्दल जागच्या जागी! आणि जूनमध्ये शाळा उघडते, हे काय अचानक होते? जयंतीची वर्गणी अवश्य द्यावी. पण १४ एप्रिलचे पैसे जानेवारीपासून बाजूला पडू द्यावेत.

बंधू-भगिनींनो, दोनशे पानी वही आणा. रात्री जेवणे झाली की दिवसाचा खर्च लिहा, चहा-तंबाखूसकट. लिहायला शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा. तिची बेरीज पक्की होईल, आणि बापाला हिशेब विचारण्याची सवयही लागेल.