अर्धा रोज कुठे मांडायचा?

आपल्या घरांतून इंजिनिअरिंगला, पॉलिटेक्निकला किंवा बी.सी.ए.ला जाणारी मुले-मुली आता पुष्कळ आहेत. फी कशी भरायची, लॅपटॉप कुठून आणायचा, याची काळजी घरोघरी वाहिली जाते. परंतु शेवटच्या वर्षी तीन-चार जणांच्या गटाने जो प्रोजेक्ट करायचा असतो, त्यात आपल्या मुलाच्या वाट्याला कोणते काम आले, हे विचारणारे पालक आम्हांला क्वचितच भेटतात. म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ बांधकामावर रंगारी आहेत. त्यांची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. गटात दोन मुलगे व दोन मुली. पहिल्याच बैठकीत कामाची वाटणी झाली. दोघा मुलांनी कोड लिहायचा, एकीने पडद्यावरची मांडणी करायची आणि या मुलीने रिपोर्ट टाईप करायचा. तिने मुकाट्याने होकार दिला. इंग्रजी बोलताना जीभ अडखळते, घरात लॅपटॉप उशिरा आला, तेव्हा मिळेल ते काम घ्यावे, असे तिला वाटले.

गटातील मुलांच्या मनात कपट होते, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला येते त्याने करावे, म्हणजे काम लवकर उरकते, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण या हिशेबाने ज्याला येते त्यालाच अधिक येत जाते, आणि शिकायला आलेले मूल रिपोर्टाचे ब्लॅक बुक बांधून घेऊन कोरेच घरी परतते.

प्रोजेक्ट होता बांधकाम मजुरांची हजेरी आणि मजुरी यांच्या हिशेबाचा. रिपोर्ट टाईप करता करता मुलीच्या लक्षात आले की, हजेरीला 'हजर' आणि 'गैरहजर' असे दोनच रकाने आहेत. तिने विचारले, "मग अर्धा रोज कुठे मांडायचा?"

तिघेही तिच्या तोंडाकडे पाहू लागले. अर्धा रोज म्हणजे काय, हेच त्यांना ठाऊक नव्हते. दुपारी माल संपला की मुकादम अर्धी हजेरी लावतो, अडीनडीला मजूर उचल घेतो, ती पगारातून वळती होते, हे सारे तिने समजावून सांगितले. ते तिने कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते, वडिलांच्या खिशातील वहीत पाहिले होते. मार्गदर्शक सर म्हणाले, "मग हा भाग तूच लिही."

पुढचे तीन आठवडे कठीण गेले. तिने लिहिलेला पहिला कोड गटातील दुसऱ्या मुलीने वाचला आणि त्यात 11 चुका दाखवल्या. त्या रात्री ती जेवली नाही. पण एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून तपासायचा, ही या धंद्यातील नेहमीची रीत आहे. त्यात अपमान नसतो. पुढच्या खेपेस चुका कमी निघाल्या, आणि मग तीही इतरांचा कोड वाचू लागली.

सर्वांचे भाग एकत्र जोडल्यावर तिने वडिलांच्या वहीतील एक महिना घालून पाहिला. रोज 800 रुपये, 22 दिवस पूर्ण, 3 दिवस अर्धे. मजुरी झाली 18,800. उचल 3,000. हाती यायला हवेत 15,800, पण पडद्यावर आले 12,800! शोध घेतला तेव्हा कळले की, एका मुलाचा कोड उचल नोंदवतानाच ती वजा करीत होता आणि दुसऱ्याचा महिनाअखेरीस पुन्हा वजा करीत होता. दोघांचेही काम आपापल्या जागी बरोबर होते. चूक होती ती सांध्यात. एकट्याने लिहिलेल्या प्रोग्रामात हा धडा सहसा मिळत नाही. तो चौघांचे काम जोडतानाच मिळतो.

हा जोडण्याचा व्याप सांभाळायला 'गिट' नावाचे साधन वापरतात. कोणी, कधी, कोणता बदल केला, याची नोंद त्यात नावानिशी राहते. ते लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली तयार केले. हेच गृहस्थ 1991 साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात 21 वर्षांचे विद्यार्थी होते. तेव्हा त्यांनी 'लिनक्स' लिहायला घेतले आणि अपुरे असतानाच ते सर्वांसाठी खुले केले. अनोळखी माणसांनी चुका दाखवल्या, दुरुस्त्या पाठवल्या, आणि त्यातून काम वाढत गेले. आपल्या हातातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशी आज तेच लिनक्स आहे. अपुरे काम चारचौघांपुढे ठेवायला तो विद्यार्थी लाजला नाही, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रत्येकाला एकच प्रश्न केला, "यातला तुझा भाग कोणता?" आमच्या परिचयातील त्या मुलीने गिटमधील आपल्या नावाच्या नोंदी उघडून दाखवल्या आणि उचल दोनदा का वजा होत होती, ते समजावून सांगितले. इंग्रजी अडखळलेच, पण उत्तर अडखळले नाही. नोकरीसाठी तिचे अर्ज आता चालू आहेत. मुलाखतीतही हाच प्रश्न येईल, आणि तिच्यापाशी त्याचे उत्तर आहे.

विद्यार्थ्यांनो, पहिल्याच आठवड्यात कोडचा एखादा लहानसा भाग मागून घ्या. रिपोर्ट आळीपाळीने लिहावा, असा आग्रह धरा. काम पहिल्या दिवसापासून गिटमध्ये ठेवा. शेवटच्या महिन्यात सामील होऊ, असे म्हणू नका. रखडलेल्या कामावर नवी माणसे घातली तर ते आणखीच रखडते, असे फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 सालीच लिहून ठेवले आहे. कारण नव्या माणसाला समजावण्यातच जुन्यांचा वेळ जातो. आणि घरातले व्यवहार गटात सांगायला संकोचू नका. मजुराच्या घरचा हिशेब मजुराच्या मुलीलाच ठाऊक होता.

पालकांनो, प्रोजेक्टच्या दिवसांत मुलीला कॉलेजातून यायला उशीर झाला तर लगेच रागावू नका. पाणी भरणे, भाकऱ्या थापणे ही कामे तेवढे दिवस भावाने वाटून घ्यावीत. तुम्हांला कॉम्प्युटरातले काही कळत नसले तरी आज रात्री जेवताना एवढे अवश्य विचारा, "बाळ, प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय लिहिलेस?" उत्तर 'रिपोर्ट' असे आले, तर उद्याच सरांना भेटायला सांगा.