आधी गुडघा की आधी साखर?

गुडघे झिजलेत, तेव्हा चालणं कमी करा, जिना टाळा, गुडघा बरा झाला की मग साखरेसाठी फिरायला जा. मधुमेह आणि झिजेचा संधिवात एकाच वेळी असलेल्या माणसाला हा सल्ला दवाखान्यात मिळतो, शेजारीपाजारी देतात, घरातली मुलंही देतात. सल्ल्यात माया आहे, पण क्रम उलटा लागला आहे. या रुग्णाच्या गुडघ्याचा आणि साखरेचा उपचार मांडीच्या एकाच स्नायूतून जातो आणि सक्तीच्या विश्रांतीत लवकर वाळतो तो हाच स्नायू. आधी गुडघा, मग व्यायाम असं म्हणत बसणारा दोन्ही रोग एकदम वाढवतो.

या सल्ल्याच्या मुळाशी बिजागरीची कल्पना आहे: वापरली की झिजते, वंगण संपलं की करकरते. ‘वाटी झिजली’, ‘गॅप कमी झाली’ ही आपली रोजची भाषा तिच्यातूनच आली. पण बिजागरी स्वतःची डागडुजी करत नाही, सांध्यातल्या हाडांवरचं मऊ आवरण, म्हणजे कूर्चा, थोडीफार करते. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. दाब पडला की तिच्यातलं पाणी बाहेर येतं आणि दाब सुटला की सांध्यातला द्रव पोषण घेऊन आत शिरतो. चालण्याबसण्यातल्या या दाब-सोडीवरच ती जगते. 2005 साली स्वीडनमधल्या रूस आणि डालबर्ग यांनी मेनिस्कसची (गुडघ्यातल्या गादीची) शस्त्रक्रिया झालेल्या मध्यमवयीन माणसांना चार महिने व्यायाम दिला, तेव्हा एमआरआयवर कूर्चेची रासायनिक घडण सुधारलेली दिसली. गेलेली कूर्चा व्यायामाने परत उगवते, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण मोजूनमापून दिलेल्या व्यायामाने ती झिजते, या भीतीलाही आधार उरत नाही. शिवाय एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ अनेकदा बसत नाही. फोटो भयंकर दिसणारी माणसं बाजारहाट करून येतात, तर साधा फोटो असलेली कण्हत असतात.

आता साखरेकडे वळू. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि मांडीचे स्नायू शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी आहेत. मधुमेहात इन्सुलिनचं ऐकणं पेशी कमी करतात, पण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही ग्लुकोज आत ओढतो आणि पुढचा दिवसभर तरी इन्सुलिनला जास्त दाद देतो. मांडीचा हाच पुढचा स्नायू पाऊल टेकताना बसणारा धक्का झेलतो. तो लुळा पडला की धक्का सरळ सांध्यावर येतो. मधुमेहात तो वयाबरोबर इतरांपेक्षा लवकर घटतो, त्यामुळे या रुग्णाला विश्रांती दुपटीने महाग पडते.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो टाळून चालणार नाही: व्यायामाचा गुण माफक आहे. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2024 च्या आढाव्यात 139 चाचण्या घेतल्या आहेत. वेदना कमी होते, पण ती रुग्णाला जाणवण्याइतकी कमी होते का, याबद्दल आढावाच साशंक आहे. 2021 ची ‘स्टार्ट’ चाचणी सांगते की जड वजनांचा व्यायाम हलक्या व्यायामाहून सरस ठरला नाही, एवढंच काय, आरोग्यविषयक वर्गांहूनही ठरला नाही. हे मान्य. पण माफक म्हणजे कशाच्या तुलनेत? दुखणं मारणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या तर मधुमेहाने आधीच ताणलेल्या मूत्रपिंडावर बोजा पडतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने साखर काही दिवस चढते. 2017 च्या एका चाचणीत दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ते घेणाऱ्यांची कूर्चा मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा जास्त घटली आणि वेदनेत फरक पडला नाही. 2020 साली याच इंजेक्शनची फिजिओथेरपीशी तुलना झाली, तेव्हा वर्षअखेर फिजिओथेरपीवाले अधिक बरे होते. वंगणाच्या महागड्या इंजेक्शनचा फायदा 2022 च्या मोठ्या आढाव्यात वेदनेच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीवर जेमतेम दोन गुणांइतका निघाला. सांधा खरोखर निकामी झाला असेल तर सांधेबदल हाच उत्तम उपाय, त्याबद्दल वाद नाही. पण वाढलेल्या साखरेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो म्हणून तिथेही आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात.

आणि व्यायामाचा हिशेब फक्त वेदनेच्या मोजपट्टीवर का करायचा? अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ चाचणीत वजन जास्त असलेल्या मधुमेहींना आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम दिला, तेव्हा चार वर्षांत हालचाल गमावण्याचा धोका 48 टक्क्यांनी कमी झाला. श्रेय अर्थात घटलेल्या वजनाचंही आहे. पण म्हातारपणी स्वतःच्या पायांनी संडासला जाता येणं हा फायदा किरकोळ नव्हे.

‘घरात दिवसभर उभीच असते की’ हे उत्तर विशेषतः बायका देतात, आणि ते खोटं नाही. पण ओट्यापाशी उभं राहिल्याने पाय फक्त अवघडतात. स्नायूला ताकद येते ती भार हळूहळू वाढवत नेल्याने. भीतीच्या बाकी कारणांना मात्र खरा आधार आहे आणि प्रत्येकावर तोडगाही आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी साखर पाहावी, 90 च्या खाली असल्यास काही खाऊन घ्यावं. तळवे बधिर असतील तर बंद, पायाला नीट बसणारे बूट घालावेत आणि रोज पाय तपासावेत. डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर श्वास रोखून वजन उचलू नये. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्यावं. व्यायामात थोडं दुखलं तर चालतं. वाढलेलं दुखणं चोवीस तासांत पूर्ववत झालं नाही, तर पुढच्या वेळी मात्रा कमी करावी.

मात्रा म्हणताच खरी उणीव दिसते. कागदावर गोळीचं नाव, मिलिग्रॅम, वेळ सगळं असतं आणि खाली एक ओळ, ‘व्यायाम करा’. त्याऐवजी लिहावं: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, दहाचे दोन फेर, आठवड्यातून तीनदा, जमू लागलं की खुर्ची थोडी ठेंगणी, रोज जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर चालणं. तीन महिन्यांनी एचबीए1सी (सरासरी साखर) पाहताना तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं तेही मोजावं आणि आकडा त्याच फाईलमध्ये, साखरेच्या आकड्याशेजारी नोंदवावा.