दप्तरात शस्त्र कशाला?

१० नोव्हेंबर २०२१ ची रात्र यवतमाळकर विसरलेले नाहीत. येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अखेरच्या वर्षाला शिकणारा एक विद्यार्थी ग्रंथालयातून वसतिगृहाकडे परतत होता. महाविद्यालयाच्या आवारातच त्याच्यावर शस्त्राने वार झाले आणि तो प्राणास मुकला. दुसऱ्याचे प्राण वाचविण्याची विद्या शिकणारा मुलगा विद्येच्याच अंगणात मारला जावा, याहून मोठे दुर्दैव कोणते? संतापलेले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांनी आवारात सुरक्षा मागितली, उजेड मागितला, पहारा मागितला. पण ‘आमच्याही हातात शस्त्र द्या’ असे मात्र कोणी म्हटले नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कारण जगात असे म्हणणारेही आहेत. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने गोळ्या झाडून ३२ जणांचे बळी घेतले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी आणि एक भारतीय प्राध्यापकही होते. त्यानंतर तेथील काही विद्यार्थ्यांनी चळवळच सुरू केली, की परवानाधारकाला कॉलेजात कपड्यांखाली पिस्तूल बाळगू द्यावे. टेक्सास राज्याने तसा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट २०१६ पासून तेथील सरकारी विद्यापीठांत लागू झाला. योगायोग असा, की बरोबर ५० वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, त्याच राज्यातील ऑस्टिन येथे विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एकाने बेछूट गोळीबार केला होता!

या मंडळींचे म्हणणे अगदीच पोकळ आहे, असे नाही. ते विचारतात, ‘शस्त्रबंदीची पाटी वाचून खुनी परत फिरतो काय? पोलीस येईपर्यंत निरपराध माणसाने काय करावे?’ १९६६ साली खालून काही नागरिकांनी आपल्या बंदुकांनी मनोऱ्यावर प्रत्युत्तर दिले होते, हेही ते सांगतात. ते खरे आहे. पण अखेर वर चढून त्या माणसाला ठार केले ते पोलिसांनीच. शिवाय मनोऱ्यावरचा एक बंदूकवाला खालून ओळखता तरी येतो. वर्गात एकाच वेळी दहा जणांनी पिस्तुले काढली, तर त्यांतला मारेकरी कोण आणि रक्षणकर्ता कोण, हे धावत आलेल्या पोलिसाने कसे ओळखावे?

आपल्या देशाने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीला परवाना लागतो आणि तो साधारणपणे २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. परवाना असला तरी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीवाचून ते शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येत नाही, अशी परवान्यातच अट असते. कायदा शहाणा आहे. पण कायदा प्रत्येकाचे दप्तर उघडून पाहत नाही. आपल्याकडे दप्तरात पिस्तूल क्वचित असेल. चाकू मात्र असू शकतो. हे मी ऐकून सांगत नाही. एके काळी तो माझ्याच दप्तरात होता.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बाबा शेतमजुरी करतात. रात्री ओलिताला जायचे तर रानडुकरांच्या भीतीने हाती काठी घेतल्याशिवाय ते निघत नाहीत. कॉलेज त्यांनी आतून कधी पाहिलेले नाही. त्या खुनाची बातमी मात्र त्यांच्या ध्यानात होती. मी यवतमाळला निघालो तेव्हा त्यांनी घडीचा एक चाकू माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, “जवळ असू दे बापू, वेळेले कामी पडते.”

चाकूने माझी भीती जाईल असे वाटले होते, झाले उलटेच. जो तो मुलगा आपल्यावर टपलेला आहे, असे मला वाटू लागले. एके दिवशी एस.टी.त जागेवरून एका मुलाशी बाचाबाची झाली. त्याने माझी कॉलर धरली आणि माझा हात आपोआप दप्तरात गेला. कंडक्टर मध्ये पडले म्हणून निभावले. त्या मुलाने मला फार तर एक थप्पड मारली असती. मी काय केले असते? त्या रात्री मला झोप लागली नाही. एक आई मुलाला मुकली असती आणि माझे आईबाप तुरुंगाच्या दारात बसले असते. सुटीत घरी गेलो तेव्हा चाकू परत दिला. म्हटले, “बाबा, हा घरीच राहू द्या. यानं भेव वाढते.” बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी तो आढ्याला खोचून ठेवला.

मग आम्ही स्वतःचे रक्षण करायचे तरी कसे? शेवटच्या एस.टी.ने गावी परतणाऱ्या मुलींनी काय करावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वेळेवर येणारी एस.टी., रस्त्यावर जळणारा दिवा, दारावर जागा असलेला पहारेकरी आणि तक्रार ऐकून घेणारे प्राचार्य हे आहे. ही जबाबदारी संस्थेची आणि शासनाची आहे. ती त्यांनी आमच्या दप्तरात ढकलू नये आणि आम्हीही ती दप्तरात घेऊ नये.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या दप्तरात तसे काही असेल, तर आजच घरी ठेवून या. भित्रा म्हणून कोणी हसले तर हसू द्या. आपल्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला येथे पाठविले आहे, ते पुस्तक घेऊन परत येण्यासाठी!