भोंगा वाजल्यावर

काही बातम्या अशा असतात की वाचताना प्रथम हसू येते आणि दुसऱ्या वाचनात ते मावळते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून त्या गावात रोज सायंकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद करायचे व ८.३० पर्यंत ते उघडायचे नाहीत, असा गावाचा ठराव. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, वाचावे आणि घरच्यांनी एकमेकांशी बोलावे, एवढीच अपेक्षा.

प्रामाणिकपणे सांगायचे तर बातमी वाचून आमच्या मनात आले ते कौतुक नव्हते. भोंगा वाजवून माणसांना घरात बोलते करायचे, ही काय संचारबंदी आहे, असे आम्ही पुटपुटलो. शेजारी बसलेल्या नातवाला बातमी मोठ्याने वाचून दाखविली आणि वर दोन उपदेशाचे शब्दही ऐकविले. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, पण तुम्ही ही बातमी मोबाईलवरच वाचताय ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मुलांच्या हाती हे यंत्र दिले कोणी, याचा विचार त्यानंतर सुरू झाला. महामारीच्या काळात शाळांना टाळे लागले आणि आपणच, प्रसंगी उसनवारी करून, मुलांच्या हाती मोबाईल ठेवला. हीच तुझी शाळा, हाच तुझा फळा, असे सांगितले. शाळा उघडल्या, पण मुले वाचायला-लिहायला कंटाळू लागली आहेत, हे वडगावच्या शिक्षकांच्या ध्यानी आले. असे दृश्य गावोगावी होते. इतरत्र त्याचे पर्यवसान मुलांना बोल लावण्यात झाले. वडगावने मात्र दोष साऱ्या घराचा मानला आणि नियमही साऱ्या घराला लावला. सायंकाळच्या मालिका आपल्यालाही सुटत नाहीत, हे तिथल्या बायकांनी मोकळेपणाने कबूल केले. सुरुवातीच्या दिवसांत अंगणवाडी सेविका, पंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण करून देत.

नियम टिकण्याचे मर्म आम्हांला इथे दिसते. एकट्या आईने मोबाईल काढून घेतला तर ती मुलाच्या लेखी वैरीण ठरते. 'सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच का नाही' या प्रश्नापुढे कोणतेही एकटे घर हरते. साऱ्या गल्लीतले संच एकदम बंद झाले, की त्या प्रश्नाला जागाच उरत नाही.

दूरच्या ऑस्ट्रेलियाने हाच प्रश्न कायद्याच्या वाटेने हाताळला. १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येणार नाही, असा कायदा तेथील संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आला. शिक्षा मुलांना नाही, पालकांनाही नाही. जबाबदारी कंपन्यांची आणि दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. कंपन्यांना जबाबदार धरणे आम्हांला योग्यच वाटते. पण मुलाच्या हातातून जे काढून घेतले, त्या जागी काय ठेवायचे, हे कायदा सांगू शकत नाही. ते घरालाच ठरवावे लागते.

बंदीच्या बातम्यांना दुसरी बाजूही आहे आणि ती विसरून चालणार नाही. २०१९ मध्ये गुजरातेतील बनासकांठा जिल्ह्यात एका समाजाच्या पंचांनी अविवाहित मुलींनी मोबाईल वापरू नये, असे ठरविले होते. मुलांना मोकळीक आणि मुलींना कुलूप! तो ठरावही गावकीचाच होता. तेव्हा 'गावाने ठरविले' एवढ्यावरून कोणतीही गोष्ट चांगली होत नाही. नियम करणारा स्वतः त्या नियमाखाली येतो की नाही, ही आमची कसोटी. वडगाव या कसोटीला उतरते, बनासकांठ्याचे ते पंच उतरत नाहीत.

आता हे सारे आपल्याशी कसे जोडलेले आहे ते सांगतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मुलाचा दिवस पाहा. बेळगावात तो बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत जातो, इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदीत, बडोद्यास गुजरातीत, हैदराबादेस तेलुगूत. या भाषा त्याने जरूर शिकाव्यात. त्या त्याच्या भाकरीच्या आणि मैत्रीच्या भाषा आहेत. पण मराठीच्या वाट्याला त्याच्या दिवसातील उरते काय? दिवेलागण ते जेवण, एवढाच वेळ. तोही पडद्याने घेतला, तर त्या मुलाला मराठी ऐकू येणार कधी? आम्ही पाट्यांसाठी, परिपत्रकांसाठी, शाळांसाठी झगडतो आणि झगडलेच पाहिजे. पण आमच्याच ओसरीवर रोज सायंकाळी भाषेचा जो तास बुडतो, त्याचा दावा कोणत्या न्यायालयात लावायचा?

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या घरी आम्ही सायंकाळी मोबाईल कपाटात ठेवतो. पहिले चार दिवस कोणालाच काय बोलावे ते सुचेना. नातवापेक्षा आमचेच हात अधिक वेळा कपाटाकडे वळत. पाचव्या दिवशी घरातील आजी सहज आपल्या माहेरच्या कणगीविषयी बोलू लागली. "कणगी म्हणजे काय?" नातवाने विचारले. कणगीवरून पेव निघाले, पेवावरून सुगी, सुगीवरून मळणी आणि मळणीवरून रात्री खळ्यावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. त्या दीड तासात मुलाच्या कानी जे शब्द पडले, त्यांतील निम्मे त्याच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. सगळेच दिवस असे जात नाहीत. कधी क्रिकेटचा सामना असतो, कधी कामाचा फोन येतो, कधी भांडणही होते. तरी हिशेब मांडून पाहा. रोजचा दीड तास म्हणजे वर्षाला सुमारे साडेपाचशे तास. इतकी मराठी कोणती शाळा शिकविणार?

आपल्या गावी मंदिरावर भोंगा नसेल, असला तरी तो वाजविण्यास गाव राजी होईलच असे नाही. पण एका गल्लीतली चार घरे राजी होऊ शकतात. वाचकहो, शेजारच्या तीन घरांशी बोलून पाहा आणि वेळ ठरवा. मात्र त्या वेळी पहिला मोबाईल घरातील सर्वांत वडील माणसाचा बंद झाला पाहिजे. आमच्या नातवाने आम्हांला घातलेली अट हीच आहे.