शेवटचा शब्द कोणाचा?

सदनिकेचे मृत्युपत्र, बँकेतील ठेवीचे नामनिर्देशन, विम्याचा वारस, या सर्वांची तजवीज आमचा सुशिक्षित मध्यमवर्ग डोळ्यांत तेल घालून करतो. पण अखेरच्या दुखण्यात आपल्या देहावर कोणते उपचार व्हावेत याविषयी घरात कोणी तोंड उघडले, की 'अभद्र बोलू नका' म्हणून त्यास गप्प बसविण्यात येते! परिणाम काय होतो? रुग्ण बेशुद्ध, डॉक्टर सहीचा कागद पुढे करतात आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावंडे एकमेकांकडे पाहत उभी राहतात. वडिलांची इच्छा काय होती, हे त्यांतील एकासही ठाऊक नसते.

अरुणा शानबाग यांची करुण कहाणी मुंबईकर विसरलेले नाहीत. १९७३ साली केईएम रुग्णालयात झालेल्या पाशवी हल्ल्यानंतर ही परिचारिका २०१५ पर्यंत अंथरुणास खिळून होती. तिला जगविणारे अन्न थांबवावे काय, याचा निवाडा २०११ साली सर्वोच्च न्यायालयास करावा लागला. अर्ज करणाऱ्यांची कणव आणि शुश्रूषा करणाऱ्यांची माया, दोन्ही खऱ्याच होत्या. न्यायालयाने मायेचा कौल मानला. स्वतः अरुणेचा शब्द मात्र कोणाजवळच नव्हता.

असा शब्द लिहून ठेवण्याचा अधिकार घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. २०२३ साली त्याची रीतही सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरे; न्यायदंडाधिकाऱ्याकडे खेटे घालावयास नकोत. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावेही त्यात द्यावयाची असतात. २०२४ मध्ये गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःच असा दस्तऐवज करून वाट दाखविली.

लोभी नातलग याचा गैरफायदा घेतील, ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच दोन वैद्यकीय मंडळांची संमती आवश्यक ठेवली आहे आणि लिहिलेले केव्हाही रद्द करता येते. शिवाय यंत्र थांबविणे म्हणजे शुश्रूषा थांबविणे नव्हे. वेदना शमविण्याचे कर्तव्य अखेरच्या श्वासापर्यंत उरतेच. खरे पाहता लोभी माणसाला अधिक वाव मिळतो तो रुग्णाच्या मौनात!

या दस्तऐवजाची प्रत सांभाळण्यासाठी मुंबई महापालिकेने अधिकारी नेमले आहेत. त्यांची माहिती प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लागली पाहिजे, अशी आमची मागणी आहे. पण पहिले पाऊल घरातच पडावयाचे आहे. आईवडिलांनी धडधाकट असतानाच मुलांना जवळ बसवून मनातले सांगावे. तो अर्धा तास जड जाईल खरा. पण मागे राहणाऱ्यांच्या मनावरील जन्माचे ओझे त्याने हलके होईल.