शाळा नको म्हणणाऱ्या घराची जबाबदारी

‘आम्ही मुलाला शाळेत घालणार नाही’ असं एखाद्या जोडप्याने जाहीर केलं की नातेवाईक तीन प्रश्न विचारतात. दहावीचं काय? मित्र कुठले? आणि गणित कोण शिकवणार? प्रश्न रास्त आहेत, पण त्यामागची भीती प्रमाणाबाहेर आहे.

दहावीचं आधी घेऊ. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्याच्या कलम १० नुसार पालकांचं कर्तव्य आहे. ते न पाळणाऱ्या पालकासाठी शिक्षेची तरतूद मात्र या कायद्यात नाही. घरशिक्षणाला त्यात स्पष्ट मान्यताही नाही, हे खरं. तरी वाट बंद नाही. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी देता येते. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणारे विद्यार्थी राज्य मंडळालाही नवे नाहीत.

आता मित्र. एकाच वयाच्या पन्नास जणांनी ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करून बसायचं, याला समाजात मिसळणं म्हणायचं का? गल्लीतलं क्रिकेट, वाचनालय, तालीम, आजोबांबरोबर बँकेची फेरी, इथे मूल लहानथोर सगळ्यांशी बोलायला शिकतं. तरीही मैत्री आपोआप जमत नाही. बरोबरीची मुलं रोज भेटतील याची तजवीज पालकांनाच करावी लागते.

गणिताचं उत्तर मंडईत आहे. भेंडी वीस रुपये पाव. पाव किलोचं माप सापडेना म्हणून भाजीवाल्या मावशी तागडीत दोनशेचं आणि पन्नासचं वजन टाकतात. सात वर्षांची मुलगी विचारते, ‘दोन का टाकली?’ आईने तिथे उत्तर सांगून टाकलं तर विषय संपतो. ‘तूच बेरीज कर’ म्हटलं तर ती अडीचशेपर्यंत पोचते, दीड किलो घ्यायची तर त्यात किती पाव ते बोटांवर मोजते आणि एकशेवीस रुपये स्वतः काढते. तिचा प्रश्न आधी आला, म्हणून उत्तर तिचं झालं. अमेरिकी शिक्षक जॉन होल्ट यांनी वर्गातल्या मुलांचं बारकाईने निरीक्षण करून १९६४ मध्ये ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ लिहिलं. बाईंना कोणतं उत्तर हवंय हे ताडण्यातच मुलांची बुद्धी खर्च होते, हा त्यांचा मुद्दा आजही जुना झालेला नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो नातेवाईक सहसा घेत नाहीत: आईबापांना वेळ कुठे आहे? दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी आपल्या मुलांना शाळेत घातलं नाही. जोहान्सबर्गमध्ये घर ते कचेरी पायी जाताना ते त्यांना शिकवू पाहत. सार्वजनिक कामाच्या व्यापात तेही राहून जाई. मुलांना पुरेसं अक्षरशिक्षण देता आलं नाही आणि त्याबद्दल मुलांची तक्रार आहे, हे त्यांनी आत्मकथेत मान्य केलं आहे. मुलाच्या कलाने घेणं म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणं, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी तेवढं प्रकरण जरूर वाचावं.

शिकण्याची सुरुवात मूल जिथे आहे तिथून करायची, ही कल्पना परदेशातून आणावी लागत नाही. महाराष्ट्रातल्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली. पण तिथे शिक्षक होता, साधनं होती, आणि कोण कुठवर आलं यावर लक्ष होतं. घरशिक्षणातही या तिन्ही गोष्टी हव्यात. मंडईतल्या हिशेबानंतर आठवड्याभरात अपूर्णांक कागदावर उतरला पाहिजे, आणि वाचन रखडलं तर ते वेळीच कळलं पाहिजे. हे सगळं एकट्या आईच्या गळ्यात पडत असेल, तर ते शिक्षण नव्हे, तिची वेठबिगारी आहे.

तेव्हा निवाडा असा: रोज मुलासाठी मोकळा असणारा एक मोठा माणूस ज्या घरात नाही, त्या घराने शाळा सोडू नये. ज्या घरात तो आहे, त्या घराला नातेवाइकांनी निदान दहावीची भीती घालू नये.