टळलेल्या लागणीचा हिशेब

अंदाजपत्रक हेही गद्यच आहे. त्यालाही शैली असते, आणि ती काय लपवते हे तपासणे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे, असे आम्ही मानतो. एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी पूर्व व दक्षिण आफ्रिकेत राबवलेल्या पुरुषांच्या सुंतेच्या मोहिमेचा हिशेब आम्ही याच दृष्टीने वाचतो.

वैद्यकीय बाजू आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म, केनियातील किसुमू आणि युगांडातील राकाई येथील चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून लागण होण्याचे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांनी कमी आढळले. त्याच आधारावर २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही शिफारस केली. आमचा वाद शस्त्रक्रियेशी नसून तिच्या जमाखर्चाशी आहे.

२०११ साली 'प्लॉस मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज पाहा. प्राधान्याच्या देशांत २०१५पर्यंत २ कोटी ३ लाख सुंता होतील, त्यासाठी १५० कोटी डॉलर लागतील. पुढील दहा वर्षांत हे प्रमाण टिकवायला आणखी ५० कोटी पुरतील. २०२५पर्यंत ३३ लाख ६० हजार नव्या लागणी टळतील आणि उपचारांचे १,६५० कोटी डॉलर वाचतील. सुबक वाक्ये! सुंता 'होतील', लागणी 'टळतील', पैसे 'वाचतील'. करणारा कोण, सोसणारा कोण, हे मात्र त्यांत कुठेच येत नाही.

सोसणारा पुरुष वाक्यात आणला की हिशेब बदलतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस अंगमेहनत बंद, सहा आठवडे शरीरसंबंध वर्ज्य. रोजंदारीवर जगणाऱ्याला मोफत शस्त्रक्रियाही फुकट पडत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या केनियातील एका चाचणीत, भरपाई न देऊ केलेल्या पुरुषांपैकी १.६ टक्के दोन महिन्यांत सुंतेसाठी आले. १५ डॉलरचे अन्नाचे कूपन देऊ केलेल्यांपैकी ९ टक्के. कूपन देऊनही बहुसंख्य आले नाहीत हे खरे. पण बुडालेल्या मजुरीचे वजन किती, हे या फरकातून दिसते. अहवालांच्या परिभाषेत मात्र अशा पुरुषाची अडचण 'मागणी कमी' या दोन शब्दांत आटोपते, आणि उपाय ठरतो 'मागणी-निर्मिती'. २०१५ अखेर झालेल्या सुंता १ कोटी २० लाखांच्या आतच राहिल्या, यात आम्हांला नवल वाटत नाही.

आणि स्त्री? राकाईतच, आधीच लागण झालेल्या पुरुषांची सुंता केल्याने त्यांच्या जोडीदार स्त्रियांना संरक्षण मिळते का, हे तपासले गेले. तसे फळ दिसत नसल्याने ती चाचणी मुदतीपूर्वी थांबवली गेली; निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. पुरुषांतील लागण घटल्यावर स्त्रियांचाही धोका कालांतराने घटतो, हे खरे. पण तोवर 'आता मी सुरक्षित आहे' म्हणणाऱ्या नवऱ्याशी निरोधासाठी रोज घालावी लागणारी हुज्जत कोणत्या रकान्यात मांडायची?

सर्वांत मोठी गोम 'एकदाच होणारा खर्च' या कल्पनेत आहे. सुंता एका शरीरापुरती एकदाच होते. समाजात दरवर्षी नवी मुले वयात येतात. म्हणजे हा कायमचा खर्च आहे, आणि तो मुख्यतः अमेरिकेच्या मदतीवर उभा होता. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. पुढे जीवरक्षक उपचारांना सवलत मिळाली, सुंतेच्या मोहिमेला ती लाभली नाही. ज्या वर्षापर्यंतची बचत मांडली होती, त्याच वर्षी पैसे देणारा उठून गेला.

अशा मोहिमा थांबवाव्यात, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी कोट्यवधी पुरुषांना संरक्षण दिले आहे. आमचा आग्रह एवढाच, की बुडालेली मजुरी खर्चाच्या बाजूला लिहावी, स्त्रीसाठीच्या प्रतिबंधाला स्वतंत्र रक्कम असावी आणि देणगीदार गेल्यावर पैसे कोण देणार, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेले असावे. हे ज्यात नाही, त्या हिशेबातील 'बचत' हा शब्द आम्ही मानणार नाही.